दर दोन तासांनी

घणसोली, सेक्टर सात. खाली कुरियरचं गोदाम,
वरचे दोन मजले 'सायंछाया'.
तक्रार निनावी, दोन शब्दांची:
पाठी बघा.

मी आधी रजिस्टर बघितलं.
सवय. रजिस्टर कण्हत नाही.
कूस बदलल्याची नोंद, दर दोन तासांनी,
उजवी, डावी, उताणी, उजवी,
एकाच निळ्या पेनाने, एका बैठकीत
पाढे लिहावेत तशी.
माझ्या घड्याळात पावणेबारा झाले होते.
रजिस्टरात दुपारी चारची कूस
बदलून झाली होती.

नेरुरकर म्हणाले, मॅडम, मुली अडाणी आहेत.
मुलगी एकच होती. जयवंती भोये, जव्हारकडची,
रात्रपाळी संपूनही घरी न गेलेली.
एकोणीस पलंग. तिने बोटांवर मांडून दाखवलं:
एकाला वळवायला सात मिनिटं,
जड असेल तर भिंतीला पाय लावून.
शेवटच्यापर्यंत पोचेस्तोवर
पहिल्याची वेळ टळून गेलेली असते.
मग डायपर कधी, पाणी कधी,
मी मुतायला कधी जाऊ, हे तिने विचारलं नाही.
बोटं संपली तसा हात खाली केला.

वर गेले.
आठ नंबरच्या आजींची चादर मी स्वतः उचलली.
माकडहाडापाशी.
फॉर्मात लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये भरायची असते,
खोलीचाही रकाना आहे.
पट्टी लावताना त्या म्हणाल्या,
"हात किती गार गं तुझे, बाळ."
बेलची वायर गुंडाळून पडद्याच्या दांडीवर.
कोणाला त्रास नको म्हणून, असं कळलं.

खिडकीजवळ हसुराम मढवी.
ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या केमिकल कंपनीत
एकतीस वर्षं टाइमकीपर.
"यांचं मनावर घेऊ नका," नेरुरकर हळूच,
"मुलाचं नावसुद्धा विसरतात."
म्हाताऱ्याने गादीखालून पेपरांचा गठ्ठा ओढला.
समासांत पेन्सिलीने, कार्ड पंच केल्यासारखं:

१.१० हाक. पलंग आठ. कोन नाय.
१.५० हाक. कोन नाय.
३.२५ पोरगी आली. रडत होती. पानी दिला.
४.०० आठ गप.

मी तारखा जुळवत गेले.
चौदाला चार नंबर वाशीला ॲडमिट होता.
रजिस्टरात त्या दिवशीही
त्याची कूस बारा वेळा बदलली होती.
मढवींच्या समासात: चार रिकामा. गादी उन्हात.

पुरावा हाती लागला की एक हलकं वाटतं,
आमच्या खात्यात ते कोणी बोलून दाखवत नाही.
तसं वाटत असतानाच
मार्च महिन्याचा एक पेपर वर आला.

१०.२० सरकारी बाई आली. खाली बसली. चाय घेतला.
१०.४५ गेली. वर आली नाय.

भेट-पुस्तकात त्या तारखेला माझी सही आहे.
'व्यवस्था समाधानकारक.'
निळं पेन.

नेरुरकरांना ती ओळ दिसली असावी.
चहा सांगू का, म्हणाले,
आणि सकाळपासून पहिल्यांदा खुर्ची ओढून बसले.

समास अर्ध्या इंचाचा.
फाडायचाही नव्हता,
घडीवर नख फिरवलं असतं तरी सुटला असता.
पंखा हलत होता. कागद जुना. कोणी
काही म्हणालं नसतं.

पलीकडे जयवंती आठ नंबरला वळवायला बघत होती,
एकटीला जमत नव्हतं.
मी फाईल मढवींच्या पलंगावर ठेवली, उघडीच.
खांद्यापाशी मी, कमरेपाशी ती.
"आता," ती म्हणाली.
आजींचं वजन माझ्या अंदाजाहून
पुष्कळ कमी निघालं.

मढवींनी कानामागची पेन्सिल काढली,
भिंतीवरचं घड्याळ बघितलं,
आजचा पेपर गुडघ्यावर घेतला.
"नाव काय लिवू?"

सांगितलं.
आडनावासकट. हुद्द्यासकट.